नाकात उतरलेले मेण

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ब्लेनम नावाचा भव्य राजवाडा आहे. विन्स्टन चर्चिल यांचा जन्म १८७४ मध्ये तिथेच झाला, त्यामुळे पर्यटकांची वर्दळ कायम असते. दर्शनी मंडपात उभे राहून मान वर केली, की छतावरून सहा प्रचंड डोळे खाली रोखून पाहताना दिसतात. त्यांतले निळे डोळे ग्लॅडिस डीकन या स्त्रीचे. १९२८ मध्ये कॉलिन गिल हा चित्रकार ते रंगवत असताना निळ्याची छटा चुकू नये म्हणून ती स्वतः परांचीवर चढली आणि आपल्या डोळ्यांशी जुळणारा रुमाल त्याच्या हाती देऊन आली. खाली बागेत पाण्याच्या काठी शिशाचे दोन स्फिंक्स आहेत, धड सिंहाचे आणि तोंड बाईचे. ते तोंडही तिचेच.

छतावर डोळे रंगवले गेले तेव्हा ग्लॅडिस सत्तेचाळीस वर्षांची होती. तरुणपणी युरोपातल्या सर्वांत देखण्या स्त्रियांत तिची गणना होत असे. शिल्पकार, कादंबरीकार, राजपुत्र, सरदार यांची तिच्याभोवती रीघ असायची. आणि त्याच चेहऱ्यात बाविसाव्या वर्षी तिने सुईने मेण भरून घेतले होते. पुढची चौऱ्याहत्तर वर्षे ते मेण तिच्या सोबत राहिले. फक्त जिथे भरले होते तिथे राहिले नाही.

आज त्याच कामाला फिलर म्हणतात. गालांचा खोलगटपणा, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घड्या, डोळ्यांखालचे खड्डे, चपटे नाक या सगळ्यांवर अर्ध्या तासात उपाय, अशा जाहिराती मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावातही मोबाईलवर येऊन धडकतात. जाहिरातीत शब्द एकच असतो. सुईतून आत काय जाते, ते मात्र एक नसते. ते किती टिकते, शरीर त्याचे काय करते आणि नको झाले तर ते बाहेर काढता येते का, याची उत्तरे प्रत्येक पदार्थागणिक बदलतात. ग्लॅडिसच्या वाट्याला जो पदार्थ आला, त्याची तिन्ही उत्तरे वाईट होती.

तिचा जन्म ७ फेब्रुवारी १८८१ चा, पॅरिसचा. आईवडील बोस्टनकडचे श्रीमंत अमेरिकन, पण राहणे बहुतेक युरोपात. घरात पैसा होता, स्वास्थ्य नव्हते. १८९२ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या कान शहरातल्या एका हॉटेलात वडिलांनी आईच्या प्रियकराला गोळी घातली. तो मेला. वडिलांना वर्षभराची कैद झाली, काही महिन्यांतच ते सुटले, घटस्फोट झाला आणि ग्लॅडिससह तीन मुलींचा ताबा वडिलांकडे आला. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाचा दोन्ही खंडांत गाजावाजा केला. अकरा वर्षांची पोर त्यामुळे फ्रान्समधून अमेरिकेत गेली. पुढे वडिलांचे मानसिक संतुलन बिघडले आणि १९०१ मध्ये ते मनोरुग्णालयातच वारले.

अमेरिकेत असताना, १८९५ मध्ये, एका लग्नाची बातमी सगळीकडे गाजत होती. कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट ही अमेरिकन धनकुबेराची मुलगी मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लग्न करून ब्लेनमची मालकीण झाली होती. चौदा वर्षांच्या ग्लॅडिसने आईला पत्र लिहून, आपण लहान असल्यामुळे हा नवरदेव हातचा गेला, अशी खंत अर्धवट थट्टेत व्यक्त केली. पोरवयातली गंमत म्हणून ती सोडून देता आली असती, पण ग्लॅडिस गोष्टी सोडून देणारी नव्हती. आईकडे युरोपात परतल्यावर काही वर्षांतच तिची त्या ड्यूकशी आणि कॉन्सुएलोशी, दोघांशीही, मैत्री झाली. ब्लेनमवर तिचे जाणे-येणे सुरू झाले. १९०१ मध्ये जर्मनीचा युवराज तिथे पाहुणा म्हणून आला आणि तिच्यावर इतका भाळला, की बोटातली अंगठी काढून देऊन बसला. ती परत मिळवायला कैसरच्या दरबाराला खटपट करावी लागली.

ती नुसती देखणी नव्हती. अनेक भाषा तिला येत होत्या, वाचन अफाट होते, बोलण्यात धार होती. रोदाँसारखा शिल्पकार आणि आनातोल फ्रान्ससारखा लेखक तिच्या गप्पांत रमत, ते केवळ निळ्या डोळ्यांसाठी नव्हे. तरीही आरशासमोर उभे राहिल्यावर तिला दिसत असे ते नाकाच्या मुळाशी असलेले किंचित खोलगट वळण. ग्रीक मूर्तींमध्ये कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत जी एकसंध सरळ रेषा असते, ती तिला हवी होती. आपल्याकडे चाफेकळी नाकाचे जे कौतुक, तेच तिकडे त्या ग्रीक रेषेचे. तिच्या त्या वळणाने कोणाचेही काही अडले नव्हते, एवढे मात्र खरे.

उपायही नेमका त्याच सुमारास हाताशी आला होता. १८९९ मध्ये व्हिएन्नातल्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने एका तरुणाच्या शरीरात, क्षयामुळे वृषण काढावे लागल्याने राहिलेली पोकळी भरायला व्हॅसलीन टोचले होते. निकाल सुरुवातीला छान दिसला. लगेच डॉक्टरांच्या मनात नाक आले. त्या काळी उपदंश हा गुप्तरोग फार पसरलेला होता. त्यात नाकाचे हाड झडून नाक मधोमध बसायचे आणि ते नाक म्हणजे चारचौघांत मिरवावे लागणारे रोगाचे प्रमाणपत्रच असायचे. अशा माणसाला चिरफाड न करता, काही मिनिटांत, सुईने नाक वर उचलून मिळत असेल तर तो का नाही म्हणेल? व्हॅसलीन पातळ म्हणून मग जास्त तापमानाला वितळणारे घट्ट पॅराफिन आले. ते तापवून पातळ करायचे, सुईने कातडीखाली सोडायचे, गार होण्याआधी बोटांनी घडवायचे. रोग्यांच्या मागोमाग निरोगी पण हौशी गिऱ्हाइके आली. १९०३ च्या सुमारास ग्लॅडिसने नाकाच्या वरच्या भागात हेच मेण भरून घेतले.

नाक नव्याने घडवायची विद्या तोवर नव्हती असे नाही. ती युरोपला शिकवली होती पुण्याने. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ मध्ये टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीट-कारागिराच्या जातीतल्या वैद्याने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले आणि त्याच वर्षी लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये तिचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तसेच नाक घडवले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा टप्पा आजही सांगितला जातो.

गंमत म्हणजे पुण्याच्या त्या वैद्यानेही मेणच वापरले होते. पण कसे, ते पाहण्यासारखे आहे. त्याने मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या थोट्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार केला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि मेण बाजूला काढले. शिंपी कागदावर बेततो तसे. रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोलून, भुवयांच्या मधला एक पट्टा तसाच जोडलेला ठेवून, त्याने ती वळवून खाली नाकावर आणली. वर काताचा लेप लावलेली फडकी घातली. जोडलेल्या पट्ट्यातून रक्त येत राहिले म्हणून कातडी जगली. सुमारे पंचवीस दिवसांनी, नव्या जागी ती रुजल्यावर, पट्टा कापला. मेण मापापुरते होते. शरीरात गेले ते शरीराचेच, जिवंत. एकशे दहा वर्षांनी पॅरिस-व्हिएन्नाच्या झगमगाटात मात्र माप बाजूला राहिले आणि मेणच आत गेले.

आत गेलेल्या मेणाचे काय होते? शरीरात कुठलीही परकी वस्तू शिरली, की रक्तातल्या आणि ऊतींतल्या भक्षक पेशी तिच्याकडे धावतात. जिवाणू असेल तर गिळून पचवतात. मेण त्यांना पचत नाही. त्या मेणाचे कण गिळतात, मरतात, नव्या येतात, आणि पचवता येत नाही ते निदान कोंडून टाकावे म्हणून सभोवती तंतूंची भिंत बांधतात. वर्षानुवर्षे हे चालू राहते. त्यातून कडक, वेड्यावाकड्या गाठी तयार होतात. डॉक्टर त्यांना पॅराफिनोमा म्हणतात. दुसरीकडे, कोंडले न गेलेले मेण बोलताना, चावताना, हसताना हलणाऱ्या चेहऱ्यात सैल वाटांनी सरकते. चेहऱ्यात वरून खाली हीच सोपी वाट असते. मऊ प्रकारच्या मेणाला तर शरीराची ऊबही पुरायची. आणि हे काढायचे म्हटले, तर ते तेलासारखे ऊतींत मुरलेले असते. पिळून निघत नाही, कशाने विरघळत नाही. गाठी कापून काढाव्यात तर चेहऱ्याचा तेवढा भाग सोबत जातो.

ग्लॅडिसच्या नाकातले मेण घसरले. आधी नाकाच्या मुळाशी सूज आणि बेढबपणा राहिला, पुढे वर्षांमागून वर्षे ते खाली जबड्याकडे उतरत गेले. ती शेकोटीसमोर बसून मऊ झालेले मेण बोटांनी जागेवर ढकलते, असल्या कंड्याही उच्चभ्रूंच्या बैठकांत पिकल्या. मात्र एका रात्रीत चेहरा गेला, ही नंतर रंगवून सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. असे पदार्थ तसे वागतही नाहीत. बोल्दिनीने तिचे सुप्रसिद्ध तैलचित्र १९१६ मध्ये काढले. मार्लबरोचा ड्यूक कॉन्सुएलोपासून १९०६ मध्ये वेगळा झाला होता, आणि ग्लॅडिसवरचा त्याचा जीव मेणानंतरही अठरा वर्षे टिकला. १९२१ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी २५ जूनला पॅरिसमध्ये त्या दोघांचे लग्न लागले. चौदाव्या वर्षी हातचा गेलेला नवरदेव चाळिसाव्या वर्षी मिळाला.

मिळाल्यावर तो फार सुखाचा ठरला नाही. ड्यूक तिरसट, ग्लॅडिस हट्टी. त्याचा ओढा कॅथलिक धर्माकडे वाढला, तिचा कुत्र्यांकडे. ती ब्लेनमच्या दिवाणखान्यांतून स्पॅनियल जातीची कुत्री वाढवू लागली. एकदा जेवणाच्या टेबलावर तिने ताटाशेजारी पिस्तूल ठेवले होते आणि पाहुण्याने विचारल्यावर, कदाचित नवऱ्याला गोळी घालावी लागेल, असे शांतपणे सांगितले, ही हकीकत पुष्कळांनी नोंदली आहे. डोळे आणि स्फिंक्स घडले ते याच वर्षांत. अखेर १९३३ मध्ये ड्यूकने तिला घराबाहेर काढले. १९३४ च्या जूनमध्ये तो वारला.

त्याच १९३४ साली अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर हे दोन संशोधक गाईबैलांच्या डोळ्यांतल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवावर काम करत होते. त्यातून त्यांनी एक साखरेची लांबलचक साखळी वेगळी केली आणि तिला हायलुरॉनिक अॅसिड असे नाव दिले. ही साखळी आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत सगळीकडे असते आणि पाणी धरून ठेवते. सत्तर किलोच्या माणसात ती सुमारे पंधरा ग्रॅम असते आणि त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्याने बनवते. वय वाढते तसे कातडीतले तिचे प्रमाण घटते, गालांतल्या चरबीच्या गाद्या विरळ होऊन खाली ओघळतात, जबड्याचे आणि डोळ्यांच्या खोबणीचे हाडही झिजते. म्हातारपणी चेहरा लोंबतो असे आपण म्हणतो. खरे तर आधी तो आतून रिता होतो. सध्या सर्वाधिक वापरले जाणारे फिलर याच साखळीचे आहे. पण ते सुईत यायला अजून अनेक दशके लागायची होती, आणि तोवर आणखी बऱ्याच चेहऱ्यांनी किंमत मोजली.

मेणाची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर द्रव सिलिकॉनने घेतली. ते वितळत नाही, कुजत नाही, म्हणून सुरक्षित, असा समज होता. न पचणारी वस्तू म्हणून शरीराने त्याच्याशीही मेणासारखाच उभा दावा मांडला. ते सरकले, गाठी झाल्या, आणि कधी कधी या गाठी दहा-वीस वर्षांनी उपटल्या. अमेरिकेच्या नेवाडा राज्याने १९७५ मध्ये ती टोचणी बेकायदा ठरवली. सौंदर्यासाठी द्रव सिलिकॉन टोचायला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कधीच मान्यता दिलेली नाही. तरी चोरट्या मार्गाने ते आजही टोचले जाते.

१९८१ मध्ये त्या नियंत्रकांनी पहिल्यांदा एका फिलरला मान्यता दिली, ते गाईच्या कातडीतल्या कोलॅजनचे. कोलॅजन शरीराला पचते, ही मोठीच सुधारणा होती. पण ते तीन-चार महिन्यांत ओसरायचे आणि काहींना त्याची अॅलर्जी यायची, म्हणून आधी हातावर चाचणी घेऊन महिनाभर थांबावे लागे. २००३ च्या डिसेंबरमध्ये हायलुरॉनिक अॅसिडच्या जेलला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. ही साखळी सर्व प्राण्यांत सारखीच असल्याने अॅलर्जी क्वचित. पूर्वी ती कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून त्यांच्याकडून बनवून घेतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आणि झिजलेल्या गुडघ्यात ती त्याआधीपासून वापरली जात होती. नुसती साखळी टोचली तर दोन-चार दिवसांत नाहीशी होते, म्हणून साखळ्यांना एकमेकींशी रासायनिक गाठी मारतात. जितक्या गाठी जास्त, तितके जेल घट्ट आणि टिकाऊ. ओठांना मऊ लागते, हनुवटीला घट्ट. साधारण सहा महिने ते दीड वर्ष परिणाम दिसतो, एमआरआयमध्ये त्याहून उशिरापर्यंतही त्याचा अंश आढळतो.

मात्र त्याचा खरा मोठा गुण वेगळाच आहे. ते उलटवता येते. हायलुरोनिडेज नावाचे एक विकर या साखळीला कात्री लावते. सापाच्या विषातही ते असते आणि त्याच्यामुळे विष ऊतींत भराभर पसरते. नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या भुलीच्या इंजेक्शनात ते फार वर्षांपासून मिसळत आले आहेत. फिलर चुकीच्या जागी गेले, गाठ झाली, रक्तवाहिनी दबली, तर हे विकर टोचून जेल विरघळवता येते. ग्लॅडिसला हवी होती ती नेमकी हीच सोय.

बाकीच्या फिलरांना ही सोय नाही, आणि विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडांतलेच खनिज, बारीक गोळ्यांच्या रूपात. ते वर्षभर किंवा थोडे जास्त टिकते, घट्ट उठाव देते, पण त्याला विरघळवणारे भरवशाचे औषध नाही. पॉली-एल-लॅक्टिक अॅसिड हे विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या कुळातले. ते स्वतः खड्डा भरत नाही, शरीराला नवे कोलॅजन बनवायला डिवचते, त्यामुळे परिणाम दिसायला काही महिने जातात आणि मग तो दोनेक वर्षे राहतो. २००४ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती हौसेसाठी नव्हे, तर एचआयव्हीच्या रुग्णांचे खपाटीला गेलेले गाल भरण्यासाठी. त्या गालांवरून लोक रोग ओळखत. उपदंशाच्या नाकाचीच ही नवी आवृत्ती. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे मोतीबिंदूच्या कडक भिंगांचे प्लास्टिक. त्याचे सूक्ष्म मणी कायमचे राहतात, आणि कायमचे हा शब्द जाहिरातीत जितका गोड लागतो तितका चेहऱ्यात लागत नाही. तिशीत भरलेला उठाव साठीत, भोवतालचा चेहरा ओसरल्यावर, कुठे दिसेल याचा हिशेब कोणी करून देत नाही. स्वतःच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी चेहऱ्यात भरणे हा सर्वांत जुना मार्ग. फ्रान्झ नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने १८९३ मध्येच हातातली चरबी चेहऱ्यातल्या खड्ड्यात लावली होती. ती शरीराचीच, पण कावसजीच्या कातडीसारखी रक्ताचा पट्टा जोडून आणलेली नसते, त्यामुळे किती जगेल आणि किती विरेल याचा अंदाज बांधता येत नाही.

आणि नाक तर आजही सर्वांत अवघड जागा आहे. नाकाच्या, भुवयांमधल्या आणि कपाळाच्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक त्यांपैकी एकीत शिरले आणि दाबाने फिलर आत गेले, तर ते उलटे चढून नेत्रपटलाच्या धमनीत अडकते. माणूस खुर्चीत बसल्याबसल्या एका डोळ्याने आंधळा होतो. पॅराफिनच्या पहिल्या दशकातच असे अंधत्व नोंदले गेले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या जगभरातल्या ९८ घटना एकत्र केल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या घटनांमागे स्वतःचीच चरबी होती, सुमारे चौथा हिस्सा हायलुरॉनिक अॅसिडचा. आणि जागा पाहिल्या तर भुवयांमधला भाग पहिला, नाक दुसरे. हे अपघात अत्यंत विरळ आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण नेत्रपटल रक्तावाचून साधारण दीड तासच तग धरते. कातडीची रक्तवाहिनी बुजली तर थोडा जास्त अवधी मिळतो. जागा पांढरी पडणे, असह्य दुखणे, मग जाळीसारखे निळे-जांभळे डाग, ही तिची खूण. सूज आहे, उतरेल, म्हणून घरी बसले तर कातडी मरते.

दीड तासाचा हा हिशेब गावाकडच्या माणसाने स्वतः मांडून पाहावा. कळसहून पुणे गाठायला दोन तासांहून अधिक लागतात. सुई मारणाऱ्याच्या कपाटात हायलुरोनिडेज नसेल, किंवा मुळात भरलेले फिलरच त्याने विरघळणारे नसेल, तर रस्त्यातच वेळ संपते. म्हणून टोचणारी व्यक्ती त्वचारोग वा प्लास्टिक सर्जरीची रीतसर शिकलेली डॉक्टर आहे की पार्लरमध्ये दोन दिवसांचा कोर्स केलेली, खोक्यावर पदार्थाचे नाव काय आहे, ते खोके आपल्यासमोर फोडले गेले का, आणि उतारा त्याच खोलीत आहे का, एवढे विचारायला लाजू नये. खोक्यावरचे लेबल घरी आणून जपून ठेवावे. पाच वर्षांनी गाठ आली तर पुढच्या डॉक्टरचा पहिला प्रश्न, आत काय आहे, हाच असतो.

ग्लॅडिसला हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. ब्लेनम सुटल्यावर ती आधी मिक्सबरी आणि मग चॅकम या खेड्यात राहायला गेली. साधी मिसेस स्पेन्सर म्हणून. शेजाऱ्यांना ती डचेस असल्याचे ठाऊक नव्हते, आणि कळल्यावरही तिने दार उघडले नाही. १९४३ मध्ये लंडनच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात हेन्री चॅनन या खासदाराने तिला पाहिले. एकेकाळी ज्या सौंदर्याची कीर्ती ऐकली होती ती हीच, हे ओळखून तो हादरला आणि रोजनिशीत त्याने ते लिहून ठेवले. ती घरी परतली आणि वर्षागणिक अधिकाधिक आत गेली. घरात मांजरे, पुस्तके, बंद खिडक्या. सामान आणून देणाऱ्या एका पोलिश माणसासाठी ती वरच्या खिडकीतून किल्ली खाली सोडत असे. तिच्या एकांताला केवळ मेण कारण होते असे म्हणणे अन्याय होईल. बापाची गोळी, वर्तमानपत्रांचा गोंगाट, फसलेले लग्न, सगळ्याचा त्यात वाटा होता. पण स्वतःच्या चेहऱ्याने लोक दचकतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दार लावून घेणे सोपे जाते. १९६२ मध्ये तिला तिच्या मनाविरुद्ध नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज या मनोरुग्णालयात हलवण्यात आले.

चॅननची रोजनिशी पुढे छापली गेली. ती वाचून सोळा वर्षांच्या ह्यूगो व्हिकर्स या शाळकरी मुलाला या बाईने झपाटले. १९७५ मध्ये तेविशीच्या आतबाहेर असलेला व्हिकर्स त्या रुग्णालयात पोहोचला. समोर चौऱ्याण्णव वर्षांची म्हातारी होती. ऐकू फारसे येत नव्हते, म्हणून तो प्रश्न कागदावर लिहायचा. तिने सुरुवातीला त्याला बराच काळ झुलवले, मग हळूहळू बोलती झाली. रोदाँ, प्रूस्त, बर्लिन, ब्लेनम यांबद्दल तिला बरेच आठवत होते आणि बोलण्यातली धार गेली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत तो पासष्टहून अधिक वेळा तिला भेटायला गेला. या भेटींतून तिचे चरित्र तयार झाले आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

ते पाहायला ती राहिली नाही. १३ ऑक्टोबर १९७७ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, त्याच रुग्णालयात तिचे निधन झाले. पचणाऱ्या फिलरला पहिली मान्यता मिळायला तेव्हा चार वर्षे बाकी होती. खालचा चेहरा मेणाने ओढून नेला होता, पण डोळ्यांत कोणी काही भरले नव्हते. ते शेवटपर्यंत निळेच होते, ब्लेनमच्या छतावर आहेत तसे.